आज कोण दिसले नाही?

फलटणहून दहिवडीकडे निघाले की मोगराळ्याचा घाट लागतो. घाटाखाली नीरेच्या कालव्यावर पोसलेला ऊस, घाटावर माणचा कोरडा माळ. या भागातले धनगर दिवाळीच्या पुढेमागे मेंढरे घेऊन पश्चिमेकडे निघतात, काही थेट कोकणात उतरतात, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. वाटेत ज्याच्या रानात मेंढरे बसतात त्याला लेंडीखत मिळते, वाड्याला, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाला, धान्य किंवा पैसे मिळतात. इथल्या पाळकाला येशूने सांगितलेला मेंढपाळाचा दाखला समजावून सांगण्यासाठी चित्रांची गरज पडत नाही. रस्त्याच्या कडेला तो दाखला रोज चरत असतो.

संध्याकाळी कळप वाड्यावर परततो, ती वेळ प्रत्येक ख्रिस्ती माणसाने एकदा तरी पाहावी असे मला वाटते. दिवसभर जाळीच्या वाघरीत राहिलेली कोकरे आयांचा आवाज ऐकून ओरडत सुटतात. मेंढ्या हाका मारत गर्दीत शिरतात. धुळीत काही दिसत नाही. त्या धुळीत वाड्यावरची बाई उभी राहून एकेक कोकरू उचलते आणि बरोबर त्याच्याच आईखाली नेऊन लावते. तिच्याजवळ यादी नसते. कोकराच्या कानात बिल्ला नसतो. तिला चेहरे ठाऊक असतात, आवाज ठाऊक असतात, कोणते कोकरू काल नीट प्याले नाही हेही ठाऊक असते.

अशा एका वाड्यावर मी एका म्हाताऱ्याला विचारले होते, "आबा, रोज मोजता का?"

"मोजायचं काय त्यात?" ते म्हणाले. "नसलेलं दिसतंच की."

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावर मी बरीच पुस्तके वाचली आहेत. त्या अध्यायाच्या इतक्या जवळ नेणारे वाक्य मला त्यांत सापडले नाही. शंभरांपैकी एक मेंढरू हरवले, हे त्या मेंढपाळाला कळले कसे? आपण दाखला वाचताना शोधापासून सुरुवात करतो, डोंगर-दऱ्या, काटे, खांद्यावर घेतलेले मेंढरू. पण शोधाच्या आधी काहीतरी घडलेले असते. नव्याण्णव समोर असताना त्याला एकाची उणीव दिसलेली असते. नव्याण्णव हा काही लहान आकडा नव्हे. नव्याण्णव मेंढरांनी रान भरून जाते. भरलेल्या रानात रिकामी जागा दिसणे, हे मला रोजच्या ख्रिस्ती जीवनाचे पहिले काम वाटते. प्रेम, सेवा, क्षमा, दान हे सगळे त्याच्यानंतर येते. कारण ज्याची उणीव आपल्याला जाणवलीच नाही, त्याची सेवा आपण कशी करणार?

आबांना मी तो दाखला सांगितला तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "मग बाकीची कुणाजवळ ठेवली?" शहरातल्या मंडळीत हा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. तिथे नव्याण्णवांना सोडून जाणे हा प्रेमाचा वेडेपणा मानून आपण पुढे सरकतो. मेंढरे राखणाऱ्याला तो वेडेपणा परवडत नाही, लांडगा सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण वाडा पाहिला की उत्तर समोर दिसते. वाडा एकट्याचा नसतो. भावाची, चुलत्याची, मेहुण्याची मेंढरे एकत्र चालतात. कुत्री असतात, बायका असतात, काठी धरता येईल एवढी पोरे असतात. एक जण हरवलेल्याच्या मागे गेला तर बाकीचे कळप सांभाळतात, आणि त्यासाठी कोणाला निरोप द्यावा लागत नाही. येशूच्या ऐकणाऱ्यांत मेंढपाळी जवळून पाहिलेली माणसे असणारच, त्यांना हे वेगळे सांगायची गरज पडली नसेल. शिवाय दाखल्याच्या शेवटी मेंढरू सापडल्यावर तो मित्रांना आणि शेजाऱ्यांना बोलावतो. म्हणजे ती माणसे होतीच.

मंडळी कशाला असते, याचे एक उत्तर मला इथे मिळते. एकाच्या मागे जाणारा निर्धास्तपणे जाऊ शकावा म्हणून ती असते. आपल्याकडे मात्र शोधण्याचे काम पगारी माणसाकडे सोपवण्याची रीत पडली आहे. "पाळकसाहेब एकदा भेट देऊन येतील," एवढे म्हटले की झाले. पाळकाने जावेच. पण कधी पाळकाने कळपाजवळ थांबावे आणि शिलाईकाम करणाऱ्या बाईने, एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाने, कॉलेजातल्या मुलीने त्या एकाच्या दारात जावे. ज्या घरात पाळक गेला की टेबलावरचे सामान घाईने आवरले जाते आणि खरे बोलणे थांबते, त्या घरात ही माणसे स्वयंपाकघरापर्यंत पोचतात.

रविवारी उपासना संपली की आपण आकडा बघतो. किती जण होते, अर्पण किती जमले. वार्षिक अहवालात हे आकडे लागतात, हिशोब चोख असलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हजेरीचा आकडा आलेल्यांविषयी बोलतो. गेल्या रविवारी इतके होते, या रविवारी त्याहून दोन जास्त आले, सगळे खूश झाले. आणि त्याच वाढीच्या आड पाच जण आले नाहीत हे झाकले गेले. नाताळाच्या उपासनेला तर हे हमखास होते. बाहेरगावी नोकरीला असलेली मुले घरी आलेली असतात, पाहुणे असतात, खुर्च्या कमी पडतात. भरलेल्या मंदिरात रिकामी जागा शोधणे सर्वांत अवघड असते.

आणि नाताळालाच न येणारी माणसे असतात. कारण विचाराल तर अंगावर घालायला नवे कापड नसते, एवढे साधे. मुलांना नवे कपडे घेता आले नाहीत, मग मुलांना घेऊन चारचौघांत कसे यायचे? एखादी बाई महिनोन्‌महिने येत नाही, कारण अर्पणाची थैली फिरत समोर आली की हात रिकामा असतो, आणि शेजारच्या बाईची नजर त्या हातावर पडते. प्रभू येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून बघत होता, तेव्हा त्याने विधवेच्या दोन दमड्यांची नोंद घेतली. पण दोन दमड्याही नसल्यामुळे त्या दिवशी घरीच बसलेली एखादी विधवा यरुशलेमेत असणारच. तिच्याकडे कोण गेले असेल, हा विचार मला सोडत नाही. आपल्या मंडळीत पिकाच्या अर्पणाच्या रविवारी धान्य येते, अंडी येतात, कोंबडी येते, आणि आपण कौतुकाने त्याचा लिलाव करतो. त्या दिवशी मजुरीवर जगणाऱ्या, शेत नसलेल्या घराने काय आणायचे? हे आपण आधीच त्याच्याशी बोललो, त्याच्या हाताला त्या दिवशी मंडप घालायचे किंवा पाणी वाटायचे काम दिले, तर तो येतो. हात रिकामा नसला की माणूस येतो.

एक मुलगाही डोळ्यांसमोर येतो, असे मुलगे प्रत्येक गावात आहेत. एमपीएससीचा अभ्यास करतो. पहिल्या वर्षी सगळ्या मंडळीने त्याच्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या वर्षीही केली. आता उपासनेनंतर प्रत्येक जण प्रेमाने विचारतो, "काय रे, निकालाचं काय झालं?" आणि तेच प्रेम त्याला सहन होत नाही. तो यायचा थांबतो. त्याला शोधायला जाणाऱ्याने निकालाचा विषय काढू नये. क्रिकेटवर बोलावे, त्याच्याबरोबर चहा प्यावा, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करावी. बायबल पिशवीत असले तरी चालेल; ते पिशवीतच राहिले तरी चालेल.

कर्जात अडकलेला माणूस येत नाही, कारण ज्याच्याकडून पैसे घेतले तो पुढच्या बाकावर बसतो. इथे तर देणाऱ्यावरच जबाबदारी येते. आपण शेजाऱ्याला हातउसने दिले आणि त्यामुळे त्याचे देवासमोर येणे बंद झाले, तर त्या पैशांतून आपण काय मिळवले? देणाऱ्याने स्वतः जाऊन म्हणावे, "पैशाचं राहू दे, तू रविवारी ये." हे म्हणणे फार जड जाते, मला ठाऊक आहे. पण प्रभूच्या प्रार्थनेत आपण दर आठवड्याला ऋण सोडण्याविषयी बोलतो, आणि ते फक्त पापाच्या ऋणाविषयी आहे असे धरून चालतो.

सगळ्याच गैरहजेऱ्या दुःखाच्या नसतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रुग्णालयात रविवारी पाळीवर असलेली परिचारिका मंडळीत नसते. कारखान्यात सकाळच्या पाळीला गेलेला फिटर मंडळीत नसतो. ती माणसे हरवलेली नाहीत. मिरजेत डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी 1894 साली रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत परिचारिकेचा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्या बायकांच्या कितीतरी रविवारच्या सकाळी कुणाची जखम धुण्यात गेल्या असतील. त्यांना गैरहजर म्हणणे मला जमणार नाही. मात्र त्यांच्यासाठी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना ठेवणे मंडळीला जमले पाहिजे.

घरात हीच गोष्ट वेगळ्या रूपात असते. जेवायला सगळे बसले, आणि आजी आतल्या खोलीतच आहे. "त्या नंतर जेवतात," असे सून सांगते, आणि ते खरेही असते. पण त्या नंतर का जेवतात? ताटावरची प्रार्थना म्हणण्याआधी घरात कोण कोण आहे आणि ताटावर कोण नाही, एवढे जरी पाहिले तरी त्या प्रार्थनेला अर्थ येईल. कोणाचा तरी चेहरा सुजलेला आहे आणि ती पाहुण्यांसमोर येत नाही, हेही याच नजरेला दिसते. ते दिसल्यावर मात्र नुसती प्रार्थना करून उठता येत नाही.

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते. विमानतळाच्या मैदानावर तळ पडतो. लाखोंच्या गर्दीत रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपकावर नावे पुकारली जातात. अमुक गावच्या अमुक बाई आपल्या दिंडीपासून चुकल्या आहेत, त्यांच्या माणसांनी येऊन घेऊन जावे. पुन्हा दुसरे नाव, दुसरे गाव. एवढ्या भक्तिसागरात एका म्हातारीची चुकामूक ही दखल घेण्याची गोष्ट आहे, असे तिथल्या व्यवस्थेला वाटते, म्हणून ती नावे पुकारली जातात. ख्रिस्ती माणसाने ती आपल्या घराच्या ओट्यावर बसून ऐकावीत. आपल्या दाखल्याची गोष्ट शेजाऱ्याच्या आवाजात ऐकू आली तर तिचे महत्त्व कमी होत नाही.

कवी नारायण वामन टिळकांना हे फार चांगले कळले असते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. पण टिळकांच्या बाबतीत मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मंडळीच्या वहीत एक नाव वाढले, मिशनमध्ये आनंद झाला. त्या दिवशी तिथे कोण नव्हते? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नव्हत्या. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन ती बाई दूर होती, आणि तिच्यासाठी ती बातमी म्हणजे संसारावर कोसळलेली दरड होती. पुढची काही वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, तोही कोणी ओढून नेले म्हणून नव्हे. सोवळे, जात, भीती या सगळ्यांतून ती बाई आपल्या पायांनी, आपल्या गतीने चालत आली. 'स्मृतिचित्रे' आपण मराठीतले एक थोर आत्मचरित्र म्हणून वाचतो, ते एका अर्थी त्या दिवशी हजर नसलेल्या माणसाने लिहिलेले पुस्तक आहे. त्या बाप्तिस्म्याची गोष्ट ख्रिस्ती इतिहासात नुसती विजयाची गोष्ट म्हणून सांगितली जाते तेव्हा मला ती अपुरी वाटते. लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचल्याशिवाय ती पुरी होत नाही.

त्या दोघांचे घर पुढे कायम कुणा ना कुणा परक्या मुलाने भरलेले असायचे. बालकवी ठोंबरे त्या घरात राहिले, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांना ठाऊक आहे. ज्यांची नावे कुठल्याच पुस्तकात मोठी झाली नाहीत अशी मुलेही राहिली. आपल्याच घरात उणीव सोसलेल्या बाईला दुसऱ्याची उणीव दिसत असणार.

आणि टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. त्यावरून तेव्हा वाद झाला, आजही होईल. मी मंडळीच्या वहीवर नावे लिहिणारा माणूस आहे, बाप्तिस्मा मला प्राणापेक्षा प्रिय आहे, त्याला पर्याय आहे असे मी म्हणणार नाही. पण टिळकांना वहीच्या बाहेर उभी असलेली माणसे दिसत होती. ख्रिस्तावर प्रेम करणारी, पण घरच्यांच्या भीतीने, जातीच्या भीतीने, किंवा मिशनच्या परकेपणाने अवघडून दाराबाहेर थांबलेली. त्यांच्यासाठी जागा करावी म्हणून उतारवयाकडे झुकलेल्या माणसाने पगारावर पाणी सोडले. दोनच वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते वारले. दरबार फार टिकला नाही. तरी सातारा जिल्ह्यात पाळक म्हणून राहताना, आमच्या जिल्ह्यात कोणीतरी असा प्रयत्न करून गेले याचा मला अभिमान वाटतो.

फलटणलाच याच्या जवळची एक वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यात ख्रिस्ताचे नाव पुढे नाही. गावात कमला निंबकर बालभवन नावाची मराठी माध्यमाची शाळा आहे, 1986 साली सुरू झालेली. ज्यांचे नाव शाळेला आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यात वाढलेल्या. क्वेकरांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत पाळक नसतो, प्रवचन नसते. सगळे शांत बसतात. लग्नाने त्या निंबकरांच्या घरात आल्या आणि 1950 साली मुंबईत केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण त्यांनी सुरू केले. रुग्ण बरा झाला, घरी सोडला, रुग्णालयाच्या दृष्टीने हिशोब मिटला. पण घरी गेलेल्या त्या माणसाला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, चमचा धरता येत नाही, त्याला रोज कोणीतरी भरवावे लागते. बऱ्या झालेल्यांच्या यादीत गेल्यामुळे दिसेनासा झालेला हा माणूस कमलाबाईंना दिसला. शाळा उभारणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन याही अमेरिकेतून आलेल्या. 1960च्या दशकात फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या, भारताचे नागरिकत्व घेतले. ज्या मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत पण ज्यांना वाचता येत नाही, अशा मुलांसाठी त्यांनी आयुष्य घातले. पट भरलेला असतो. वाचता न येणारे मूल त्या पटात हजर असते आणि हरवलेलेही असते.

या कामांना मी ख्रिस्ती काम म्हणून आपल्या खात्यावर लिहून घेणार नाही. तो त्या माणसांवर अन्याय होईल. मी फक्त मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचतो. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसे राजा लोकांना वेगळे करतो, असा तो प्रसंग आहे. इकडच्या कळपात मेंढरांबरोबर चार-दोन शेरडे असतातच, त्यामुळे हेही चित्र आमच्या ओळखीचे. त्या प्रसंगात उजवीकडच्या लोकांना आश्चर्य वाटते, कारण भुकेल्याला, आजाऱ्याला, परक्याला भेटताना आपण राजाला भेटत होतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. आणि डावीकडच्या लोकांनाही आश्चर्य वाटते. त्यांचे म्हणणे एवढेच की आम्हाला तू दिसलाच नाहीस. त्यांच्यावर वाईट काही केल्याचा आरोप नाही. त्यांनी काही केले नाही, एवढाच आरोप आहे, आणि केले नाही कारण त्यांना दिसले नाही. पाळक म्हणून मी ज्या वचनाला सर्वांत जास्त भितो ते हे आहे.

आता लवकरच कारखान्यांचे हंगाम सुरू होतील. बीडकडून, नगरकडून उसतोडीच्या टोळ्या येतील, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतील. या कामात मजुरांची मोजणी माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि ती नवऱ्याच्या हाती पडते. बाई पहाटे भाकरी करून, मूल फडाच्या कडेला निजवून, दिवसभर मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. पण हिशोबात तिचे वेगळे नाव नसते. मोजणीच अशी आहे की तिच्यात एक माणूस हरवतो. गैरहजेरी मात्र मोजली जाते. ताप आला, अंग दुखत असले म्हणून एक दिवस फडावर गेली नाही की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. कोण आले नाही हे मुकादमही रोज पाहतो. तो खाड्याचा आकडा लिहून पुढे जातो. मेंढपाळ मात्र तिथे थांबतो आणि का आले नाही ते विचारतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातला फरक सांगितला आहे, तो फलटणच्या उसाच्या फडात उभे राहून वाचावा.

या टोळ्यांबरोबर येणाऱ्या मुलांची नावे त्यांच्या गावच्या शाळेच्या पटावर असतात, आणि हंगामभर ती तिथे गैरहजर असतात. इथे त्यांचे नाव कुठेच नसते. मंडळीच्या पुढच्या बैठकीत एक विषय ठेवला आहे. आपल्या शब्बाथशाळेची खोली आठवडाभर बंद असते. ती संध्याकाळी दोन तास उघडायची, जवळच्या कोप्यांवरच्या मुलांना आई-बापांना विचारून आणायचे, अक्षरे आणि आकडे शिकवायचे, जाताना खायला घालायचे. धर्माचा विषय काढायचा नाही, गीतेही शिकवायची नाहीत. कोणी विचारले की हे कशासाठी, तर मुले शिकावीत म्हणून, एवढेच सांगायचे आणि तेवढेच खरे असले पाहिजे. मंडळीच्या काही वडिलांना शंका आहे की गावात गैरसमज होईल. ती शंका रास्त आहे, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना आणि सरपंचांना आधी भेटायचे ठरले आहे. हंगामाच्या शेवटी त्या मुलांच्या गावच्या शाळेला पत्र पाठवायचे, की हे मूल इतके महिने इथे बसत होते, याला मागे ठेवू नका. निवृत्त झालेल्या दोन शिक्षिका तयार आहेत. दिव्याची सोय झाली आहे. शेंगदाण्याचे लाडू कोण करणार आणि शनिवारी रात्री खोली कोण झाडून ठेवणार, हे अजून ठरायचे आहे.